ओल्या गादीचा खटला

सात वर्षांचा पोरगा रात्री गादी ओली करतो म्हटलं की नांदेड-लातूरकडच्या घरांत निकाल तयारच असतात. आजी म्हणते, विस्तवाशी खेळतो, मग काय होणार? काका म्हणतात, लाडावलाय, दोन रट्टे द्या. शेजारीण सांगते, दिवस कलला की पाण्याचा घोट देऊ नका. अलीकडे शिकलेल्या घरांत चौथा निकाल ऐकू येतो: हार्मोनचा प्रॉब्लेम आहे, गोळी सुरू करा. हा चौथा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त जपून घ्यायचा.

विस्तवाचं सोडून देऊ. रट्ट्यांचं सोडता येत नाही, कारण ते अजून पडतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं; अशा मुलखात रोज चादर धुणाऱ्या आईचा वैताग समजतो. पण गाढ झोपेतलं पोर ठरवून काहीच करत नसतं. आईबाप दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर चारांतल्या तीन मुलांना तो होतो. रट्टे सुचवणाऱ्या काकांनी आधी आपल्या आईला एकदा विचारून यावं.

शरीरात होतं ते असं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन रक्तात येतं आणि मूत्रपिंडांना पाणी परत शोषायला लावतं. रात्री ते वाढतं, म्हणून आपण न उठता झोपू शकतो. 1980च्या दशकात डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या डॉक्टरांना दिसलं, की अंथरूण ओलं करणाऱ्या काही मुलांत ही रात्रीची वाढ होतच नाही. काहींतच, सगळ्यांत नाही. इतरांचं मूत्राशय थोडक्यात भरतं, किंवा बद्धकोष्ठामुळे त्यावर दाब येतो. आणि ते भरल्याची जाणीव झोप मोडण्याइतकी पोचत नाही.

आपलं मूल कशात मोडतं, याचा अंदाज घरीच येतो. रात्री डायपर घालावा, सकाळी तो काट्यावर ठेवावा, कोरड्याचं वजन वजा करावं. जितके ग्रॅम, साधारण तितके मिलिलिटर. त्यात सकाळची पहिली लघवी मापाच्या भांड्यात मोजून मिळवावी. वयात एक मिळवून तिसानं गुणलं की मूत्राशयाची अपेक्षित क्षमता निघते. सात वर्षांच्या मुलाची 240 मिली. रात्रीची बेरीज वारंवार 310च्या वर गेली, तर हार्मोनवर संशय घ्यायला जागा आहे. हा एवढा हिशेब न करता गोळी मागणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं.

शेजारणीचा सल्ला तर उलटाच पडतो. शाळेतलं स्वच्छतागृह नको वाटतं म्हणून पोरं दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी आल्यावर तांब्याच तोंडाला लावतात. बेचाळीस अंशांच्या उन्हात त्यांना संध्याकाळीही कोरडं ठेवलं, तर बद्धकोष्ठ ठरलेलाच. सकाळी-दुपारी भरपूर पाजा, संध्याकाळची तहान आपोआप उतरते.

आता गोळी. डेस्मोप्रेसिन ही व्हॅसोप्रेसिनचीच कृत्रिम नक्कल. ती घेण्याआधी तासभर आणि नंतर आठ तास पाणी जवळपास बंद ठेवावं लागतं. नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून फिट येऊ शकते. याच धोक्यामुळे अमेरिकेत 2007 पासून नाकात मारायचा फवारा या त्रासासाठी वापरत नाहीत. मे महिन्यात गच्चीवर, उशाशी तांब्या घेऊन झोपणाऱ्या आपल्या पोरांबाबत हा इशारा नुसता कागदावरचा नाही. शिवाय गोळी थांबवली की त्रास बहुधा परततो. ओल लागताच वाजणारा अलार्म दोन-तीन महिने चिकाटीनं वापरला, तर गुण जास्त टिकतो. मात्र लातूरच्या शिकवण्यांसाठी वसतिगृहात आलेल्या पोराच्या खोलीत तो वाजवणार कसा? पंधराव्या वर्षीही शंभरात एखाददुसऱ्याला हा त्रास असतोच. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळीच योग्य, आणि ती मागायला त्याला लाज वाटू नये हे वॉर्डनचं काम.

सहा महिने किंवा त्याहून जास्त कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा गादी ओली करू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वजन उतरू लागलं, तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा. तिथे संशय दुसऱ्याच हार्मोनवर, इन्शुलिनवर. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.