विषय गंभीर, म्हणून काम गंभीर?

दंगल, झुंडबळी, टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेले मजूर, बुलडोझरखाली गेलेली वस्ती. वार्षिक प्रदर्शनांत आणि आमच्याकडे छपाईसाठी येणाऱ्या कामांत हे विषय अलीकडे ठळकपणे दिसू लागले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. भोवताली काय चाललं आहे त्याकडे पाठ फिरवून चित्र काढायचं नाही, असं तरुण चित्रकारांनी ठरवलेलं दिसतं. पण यातली बरीच कामं पाहून मन अस्वस्थ होतं. मोबाइलवर आलेला फोटो, त्यावर लाल रंगाचे ओघळ, खाली भारदस्त शीर्षक, एवढ्यावर काम संपलेलं असतं. ज्याच्या मरणावर ते उभं आहे, तो माणूस त्यात कुठेच सापडत नाही.

अशा वेळी सोमनाथ होर यांच्याकडे पुन्हा जावं लागतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी उपाशी माणसांची रेखाटनं केली. १९४६ मध्ये तेभागा आंदोलनातल्या शेतकऱ्यांमध्ये राहून डायरी लिहिली, चित्रं काढली. आणि त्यांची ‘जखमा’ ही मालिका आली ती थेट सत्तरच्या दशकात. तिची करण्याची रीत मुद्राचित्रकारांनी नीट समजून घ्यावी. माती किंवा मेणाच्या सपाट थरावर ते सुरीने वार करत, तापलेल्या सळीने चटके देत. त्याचा सिमेंटचा साचा काढत आणि त्यात कागदाचा ओला लगदा हाताने दाबून बसवत. वाळल्यावर हाती येई तो पांढराशुभ्र कागद, त्यावर पांढऱ्याच चिरा, खळगे, फुगवटे. क्वचित कुठेतरी लालसर डाग. शाई नाही, आकृती नाही. तिरप्या उजेडात पाहिलं की मात्र ती कातडी आहे हे कळतं. दुष्काळाची आठवण पंचवीसहून अधिक वर्षं सोबत बाळगल्यावर त्यांच्या हातांना ही कृती सापडली.

याचा अर्थ, प्रत्येकाने दशकानुदशकं थांबावं असा नाही. चित्तप्रसाद थांबले नव्हते. त्याच दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि तिथल्या तिथे काळ्या शाईत चित्रं केली. ‘हंग्री बंगाल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे मुंबईत अंधेरीला आयुष्य काढलेल्या या चित्रकाराची एक सवय आम्हाला फार मोलाची वाटते. समोरच्या माणसाचं नाव, गाव आणि त्याची हकीकत ते चित्रासोबत नोंदवून ठेवत. त्यामुळे ‘भुकेलेला शेतकरी’ असा नमुना न उरता कागदावर एक विशिष्ट माणूस राहिला.

नाव कळण्याची सोयच नसेल तर काय करायचं? १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसं मारली गेली, असं श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नमूद आहे. त्यांतल्या रस्त्यावर पडलेल्या एका मृताचं होशी जाल यांनी टिपलेलं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं. विवान सुंदरम यांनी १९९३ च्या ‘मेमोरियल’मध्ये तेच एक छायाचित्र पुन्हा पुन्हा हाताळलं, त्यावर खिळे ठोकले, पत्र्याच्या ट्रंकांची कमान उभारली. वर्तमानपत्रातल्या त्या बेवारस प्रेताचा हा अंत्यसंस्कारच होता. दुसऱ्याने काढलेला फोटो वापरावा की नाही या वादाला आमच्या लेखी इथे उत्तर मिळतं: वापरावा, पण मूळ छायाचित्रकाराचं नाव लपवू नये आणि त्या देहाला काहीतरी परत द्यावं.

रुमाना हुसेन यांनी तर माध्यमच बदललं. बाबरी मशीद पडल्यानंतर त्या चित्रफलकापासून दूर गेल्या आणि फुटकी मातीची मडकी, आरसे, मांडणीशिल्पं, स्वतःच्या शरीराने केलेले प्रयोग यांकडे वळल्या. नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रांत गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो. मराठी प्रेक्षकाला त्याचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते खाणींवरची चित्रं कोळशाने काढतात. ज्याने घरच्यांची फुप्फुसं आणि गावची जमीन व्यापली, तेच त्यांच्या हातात आहे. अशी निवड केवळ साहित्याच्या दुकानात उभं राहून होत नाही.

ज्यांच्या वाट्याला तो अनुभव जन्माने आलेला नाही, त्यांनी या विषयांना हात लावूच नये असं आम्ही म्हणणार नाही. नवज्योत अल्ताफ मुंबईच्या. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्या बस्तरमध्ये तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करत आल्या आहेत. बाहेरच्या माणसाला आत जायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ कामात दिसतो.

म्हणून आमच्या चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार वाचकांना एक विनंती. यापुढे अशा विषयावरचं काम आमच्याकडे पाठवताना सोबत चार ओळी जरूर लिहा. मूळ प्रतिमा कुठून घेतली, छायाचित्र कोणाचं, ओळखू येणाऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना विचारलं होतं का, आणि ज्यांच्याविषयी हे काम आहे त्यांच्यापैकी कोणी ते पाहिलं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर गॅलरीच्या आधी ते काम त्यांच्याकडे घेऊन जा. तिथे काय बोलणं झालं तेही कळवा. आम्ही ते चित्राशेजारीच छापू.