शाळेसाठीं कोणतें बोर्ड घ्यावें?

शाळेच्या विज्ञानमंडळासाठीं यंत्रमानव बनविण्याचें साहित्य घेण्याचा विषय निघाला कीं पहिला वाद बोर्डावरून होतो. बोर्ड म्हणजे तळहातावर मावेल एवढी एक पाटी. तिच्यावर मायक्रोकंट्रोलर नांवाची काळी चिप बसविलेली असते, आणि संगणकावर लिहिलेली आज्ञावली एकदां त्या चिपमध्यें उतरविली म्हणजे संगणकापासून सोडविल्यावरही ती पाटी त्या आज्ञा पाळीत राहते. डोळ्यांच्या जागीं संवेदक, पायांच्या जागीं मोटारी आणि मेंदूच्या जागीं ही पाटी, एवढेंच हौशी यंत्रमानवाचें शरीर होय. अशीं बोर्डें आज अनेक मिळतात, आणि जो तो आपल्या आवडत्या बोर्डाचा वेग व स्मृति सांगून तेंच घ्या म्हणून आग्रह धरितो. ही पारखच आम्हांस मान्य नाहीं. निमोणे आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांसाठीं बोर्ड निवडावयाचें तर पहिला प्रश्न असा कीं, मुलाच्या हातून चूक झाली असतां तें बोर्ड किती सोसतें, आणि न सोसलेंच तर तें शाळेंतल्या शाळेंत दुरुस्त होतें किंवा नाहीं.

तीन नांवें विशेष ऐकूं येतात. पहिलें आर्डुइनो उनो. आर्डुइनोचा जन्म २००५ सालीं इटलींतील इव्हरेआ गांवीं झाला. नांव तेथील एका मद्यगृहावरून पडलें, त्याबद्दल आमच्या मद्यपाननिषेधक मंडळीनें राग मानूं नये. उनोची चिप सेकंदास १ कोटी ६० लाख ठोके देते. आज्ञावली ठेवावयास तिच्यांत ३२ किलोबाइट जागा आणि चालू कामासाठीं अवघी २ किलोबाइट. दुसरें शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीच्या २०१६ सालच्या ईएसपी-३२ चिपचें बोर्ड. त्यांत दोन मेंदू, प्रत्येकाचे ठोके सेकंदास २४ कोटींपर्यंत, स्मृति ५२० किलोबाइट, आणि वायफाय व ब्लूटूथ घरचेंच. तिसरें इंग्लंडांतील रास्पबेरी पाय मंडळींचें पिको. तें २०२१ सालीं चार डॉलरांस विक्रीस आलें. कागदावर हीं तिन्ही शेजारीं मांडलीं तर उनो बिचारें नापास होतें.

परंतु यंत्रमानवास त्या वेगाचें काय करावयाचें आहे? समोरचा अडथळा ओळखणारी गाडी घ्या. तिच्यावरचा संवेदक आपल्या कानांस ऐकूं न येणारा ध्वनि सोडतो आणि प्रतिध्वनि येईतों लागलेला वेळ मोजावयाचा असतो. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर दर सेंटिमीटर अंतरास सुमारें ५८ मायक्रोसेकंद पडतात. भिंत ३० सेंटिमीटरांवर असेल तर प्रतिध्वनि सुमारें १,७४० मायक्रोसेकंदांनीं परततो. तेवढ्या अवधींत गरीब उनोचे सुमारें २८,००० ठोके होऊन जातात. म्हणजे जें बोर्ड मंद म्हणून हिणविलें जातें तें प्रतिध्वनीची वाट पाहत निवांत बसलेलें असतें. अधिक वेगाचे पैसे मोजून आम्ही काय साधणार? तें अधिक वेळ निवांत बसेल इतकेंच.

खरा भेद विजेच्या दाबाचा आहे. उनो ५ व्होल्टांवर चालतें; ईएसपी-३२ आणि पिको ३.३ व्होल्टांवर. बाजारांत सर्रास मिळणारा उपरिनिर्दिष्ट ध्वनिसंवेदक, ज्याला एचसी-एसआर०४ म्हणतात, तो ५ व्होल्टांचें उत्तर देतो. उनो तें निमूट घेतें. दुसऱ्या दोहोंपैकीं एखाद्याला तेंच उत्तर द्यावयाचें तर मध्यें दोन रोधक जोडून दाब उतरवावा लागतो, आणि विसरल्यास चिपला इजा होण्याचा संभव असतो. सरावलेल्या माणसास हें कांहीं अवघड नव्हे. परंतु ज्या मुलानें व्होल्ट हा शब्द गेल्याच महिन्यांत ऐकला, त्याच्या पहिल्याच विसराळूपणाची शिक्षा बोर्डाचा मृत्यु ही असावी काय?

उनोही अमर नाहीं. त्याच्या एका पायानें २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा, ४० ही अगदीं शेवटची मर्यादा. लहानशी मोटार चाक अडलें असतां शेंकडों मिलिअँपिअर ओढते. म्हणून मोटार पायाला थेट जोडूं नये, मध्यें ड्रायव्हर घालावा, असें फळ्यावर दहा वेळां लिहिलें तरी अकरावा विद्यार्थी ती थेट जोडणारच. येथें जुन्या उनोचा, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीचा, मोठा गुण दिसून येतो. त्याची लांबट चिप खोबणींत बसविलेली असते. जळली तर चिमट्यानें उचलून काढावी आणि नवी बसवावी. चिप निराळी विकत मिळते. नव्या कोऱ्या चिपमध्यें प्रथम एक छोटी प्रारंभिक आज्ञावली भरावी लागते, आणि तें काम दुसऱ्या उनोकडूनच करून घेतां येतें. एका बोर्डानें दुसऱ्यास उठवावें हा देखावा मुलांनीं पाहिला म्हणजे त्यांची यंत्राविषयींची अर्धी भीति तेथेंच जाते. खरेदी करणाऱ्यांनीं मात्र सावध असावें. त्याच नांवाखालीं चिप पाटीलाच डागलेलीं बोर्डेंही विकलीं जातात, आणि २०२३ सालीं आलेल्या चौथ्या आवृत्तींत तर चिप डागलेली असून तिचा पाय ८ मिलिअँपिअरच देतो.

उनोचा आराखडा खुला आहे, त्यामुळें दुसऱ्या कारखानदारांनीं तो पाहून केलेलीं बोर्डें पुष्कळ स्वस्त पडतात. ऑक्टोबर २०२५ मध्यें क्वालकॉम या अमेरिकन कंपनीनें आर्डुइनो विकत घेत असल्याचें जाहीर केलें तेव्हां कित्येकांस काळजी वाटली. पण जो आराखडा एकदां जगास दिला तो मालक बदलल्यानें परत घेतां येत नाहीं.

आमच्या या मतावर एक आक्षेप वजनदार आहे. घोड नदीच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या आमच्या तालुक्यांत शेतकऱ्याला रात्रीची वीज मिळते, आणि मोबाइलवरून पंप सुरू करणारा स्टार्टर मुलांनीं आपल्याच मळ्यावर पाहिलेला असतो. वायफाय नसलेलें बोर्ड त्यांस मागासलेलें वाटावें यांत नवल नाहीं. आमचें उत्तर असें कीं, दहावीच्या पुढच्या मुलांस ईएसपी-३२ अवश्य द्यावें. तोंवर दाब आणि प्रवाह यांतील फरक त्यांच्या बोटांस कळलेला असेल. मात्र प्रयोग बादलींतल्या ५ व्होल्टांच्या पंपावर व्हावा. विहिरीवरच्या तीन फेजच्या पेटीला कोणत्याही विद्यार्थ्यानें हात लावूं नये.

या प्रश्नांत बोर्डाहून मोठी गोष्ट कपाटाची आहे. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेंत २०१६ पासून निवडक शाळांस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळूं लागलें, तें स्तुत्य आहे. परंतु महागडा संच कुलपांत, किल्ली शिक्षकांच्या खिशांत आणि बोर्ड बाहेर निघणार तें प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं, असा प्रकार आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिला आहे. प्रदर्शनांत मुलगे तारा जोडतात आणि मुली तक्ता धरून उभ्या राहतात, हेंही पाहिलें आहे. बोर्ड जितकें महाग तितकें कुलूप मोठें.

आमच्याच शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला आणि हातानें काम करीत शिकणें हाच त्याचा पाया ठेविला. २००२ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या विद्यापीठाच्या साह्यानें तेथें फॅबलॅब उभी राहिली. त्या विद्यापीठाबाहेरच्या अगदीं पहिल्या फॅबलॅबांत तिची गणना होते. पुणें-मुंबई सोडून ती पाबळास आली, कारण तेथें हत्यार कपाटांत ठेवण्याची चाल नव्हती. आमच्या मिशनरी परंपरेंतही ही दृष्टि नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं तेव्हांच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, हातमाग सुधारण्याचें काम हातीं घेतलें. स्वतः एंजिनियर असलेल्या त्या गृहस्थानें गिरणी मागितली नाहीं. खेड्यांतल्या विणकरास चालवितां येईल असा माग केला. आणि ज्याच्या नांवानें आपली शाळा चालते तो स्वतः नासरेथांत सुतारकाम करीत होता, हें आम्हीं सांगावयास नको.

तेव्हां यंदाच्या खरेदीविषयीं आमची सूचना अशी. चिप खोबणींत असलेलें तिसऱ्या आवृत्तीचें उनो घ्यावें, पण दोन मुलांस एक या प्रमाणांत, आणि त्या दोहोंत तारा कोणी जोडावयाच्या हें दर आठवड्यास बदलावें. वाचलेल्या पैशांतून सुट्या चिपा, दोन मल्टिमीटर आणि एक चांगलें सोल्डरिंग आयर्न घ्यावें. मोटारीसाठीं नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी घेऊं नये. तिच्यांत दम नसतो आणि गाडी दहा पावलांत थांबली कीं मुलें दोष आज्ञावलीला देतात. स्वस्त बोर्डांस संगणकावर जें जास्तीचें ड्रायव्हर-सॉफ्टवेअर लागतें तें आधींच भरून ठेवावें. आज्ञावली इंग्रजी लिपींत लिहावी लागते हें खरें, पण प्रत्येक ओळीपुढें तिचा अर्थ मराठींत लिहून ठेवतां येतो, आणि तो मुलांकडूनच लिहून घ्यावा. खरेदीची यादी जूनच्या आंत द्यावयाची आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी, हें त्याच सभेंत ठरावें.