दैव, अभ्यास आणि वीस पैलूंचा फांसा

फांसा हा शब्द कानीं पडला कीं आपल्या मनांत द्यूतसभा उभी राहते. आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलाच्या टेबलावर चमत्कारिक आकाराचे फांसे दिसले म्हणजे आईबापांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी स्वाभाविक आहे. परंतु ज्या खेळासाठीं हे फांसे आणलेले असतात, त्यांत पैसा लावावा लागत नाहीं व खेळाडू एकमेकांना हरवीतही नाहींत. मग फांशाचें तेथें काम काय, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या जातीचा आद्य खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचिला आणि इ. स. १९७४ मध्यें तो प्रसिद्ध झाला. यांत एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो आणि खेळाडू आपलें पात्र काय करील तें सांगतो. सारा खेळ असा बोलण्यावरच चालतो. मात्र एखादी कृति साधेल कीं फसेल असा संशय जेथें येतो, तेथें फांसा पडतो. यासच ‘स्किल चेक’, म्हणजे कौशल्याची कसोटी, असें म्हणतात.

या कसोटीची रीत सोपी आहे. इ. स. २०१४ च्या पांचव्या आवृत्तीचें उदाहरण घेऊं. समजा, एका पात्राला निसरडा कडा चढावयाचा आहे. सूत्रधार त्या कामाचा काठिण्यांक ठरवितो: ५ म्हणजे अतिसुलभ, १० सुलभ, १५ मध्यम, २० कठीण आणि ३० म्हणजे जवळजवळ अशक्य. हा कडा १५ चा धरूं. खेळाडू वीस पैलूंचा फांसा टाकतो व पडलेल्या आंकड्यांत दोन गोष्टी मिळवितो. पहिली अंगची शक्ति: १० गुणांच्या साधारण मनुष्यास कांहींच मिळत नाहीं, १६ गुणांच्या बळकटास ३ मिळतात. दुसरी त्या कामाचें शिक्षण: आरंभीं त्याचे २ मिळतात व अनुभवाबरोबर ते ६ पर्यंत चढतात. बेरीज १५ किंवा अधिक झाली कीं कडा सर झाला.

आतां गणित पाहावें. अशिक्षित साधारण मनुष्यास १५ किंवा त्याहून मोठा आंकडा पडावा लागतो. वीसांपैकीं असे आंकडे सहा, म्हणजे यशाचा संभव शेंकडा ३०. बळकट व शिकलेल्यास १० पुरतात. असे आंकडे अकरा, म्हणजे शेंकडा ५५. त्यालाच सोबत्यानें हात दिला, तर दोन फांसे टाकून मोठा आंकडा घेण्याची मुभा मिळते व संभव ८० च्या आसपास जातो. उलट परिस्थिति प्रतिकूल असल्यास दोहोंतील लहान आंकडा घ्यावा लागतो आणि तोच शिकलेला गडी पुनः सुमारें ३० वर येतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. खेळाच्या रचनाकारांनीं गीता वाचली होती असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु कर्त्याची शक्ति, त्याचें शिक्षण, सोबत्याचें साह्य व शेवटीं फांसा, हा हिशेब पाहून त्या श्लोकाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. दैव तेथें पांचवें आहे. त्याला पहिलें स्थान दिलेलें नाहीं आणि वगळलेलेंही नाहीं.

चांगला सूत्रधार फांसा कोठें टाकूं नये हेंही जाणतो. जिना चढण्यास फांसा नको, उडी मारून चंद्र गांठण्यासही नको. दोन्ही परिणाम संभवनीय असतील व त्यांनीं कथेंत फरक पडत असेल, तेथेंच तो हवा. इ. स. २००० च्या तिसऱ्या आवृत्तींत तर अशी सवलत होती कीं, घाई वा धोका नसल्यास फांसा न टाकतां १० पडले असें धरावें. शांत चित्तानें केलेल्या परिचित कामांत दैवाला फारसा वाव नसतो, हें तत्त्व त्यांत आलें.

आणि फांसा उलटा पडला तर? कथा थांबत नाहीं. कडा चढतां आला नाहीं तर मंडळी वळसा घालतात, दोर शोधतात, क्वचित् शत्रूशीं बोलणें लावतात.

आमच्या घरांतून मुलगा परीक्षेंत मागें पडला म्हणजे दोनच निवाडे ऐकूं येतात: ‘नशीबच खोटें’ किंवा ‘अभ्यासच केला नसेल’. वरील गणित दोन्ही निवाड्यांना पुरते उतरत नाहीं. शक्ति व अभ्यास मिळून ३० चे ५५ होतात, आणि हा लाभ लहान नव्हे. पण ५५ चे १०० होत नाहींत. वर्षभर झटलेल्या मुलाच्या हातीं अपयश आलें, तर त्याला बोल लावण्यापूर्वीं उरलेल्या ४५ चें स्मरण ठेवावें, आणि पुढील खेपेस सोबत्याचा हात आपण कसा देऊं शकूं, हें घरांतील वडील माणसांनीं पाहावें.