यंत्राचा डोळा आणि मुलाचे बोट

सुट्टी लागली की कडोलीच्या बाजूच्या आमच्या कुटुंबांतून नाना प्रकारची गाऱ्हाणी आमच्या कानी येत असतात. बहुधा ती विहिरीत डुंबण्याची, परक्याच्या झाडाचे आंबे पाडण्याची, नाहीतर मोबाईलमध्ये डोके घालून बसण्याची असतात. यंदा मात्र एक नवेच गाऱ्हाणे आले. नववी-दहावीतील तिघा मुलांनी एका घराच्या माडीवर खेळण्यातील बंदूक फिरत्या पाटावर बसविली आहे, तिला कॅमेरा जोडला आहे, आणि खोलीत जो कोणी शिरेल त्याच्याकडे ती आपण होऊन वळते व स्पंजाचा बाण सोडते! "फादर, हा खेळ म्हणावा की आणखी काही, ते तुम्हीच सांगा," असे एका माउलीने आम्हांस विचारले. त्याच घरातील गृहस्थांचे म्हणणे नेमके उलट: पोरे यंत्रविद्या शिकत आहेत, त्यांस अडवू नये. उभयतांस उत्तर द्यावयाचे तर हे यंत्र चालते कसे, ते अगोदर समजून घेतले पाहिजे.

शाळूच्या राखणीला माळ्यावर उभा राहिलेला गडी आमच्या वाचकांनी पाहिला असेलच. पाखरांचा थवा दिसताच तो गोफण फिरवितो. तो काय काय करतो, हे जरा सावकाश पाहावे. प्रथम तो पाखरू पाहतो. मग अंग वळवितो. मग, आणि हीच खरी हातोटी, पाखरू आहे तेथे नव्हे, तर गोटा पोहोचेतोवर ते जेथे असेल तेथे नेम धरतो. शेवटी गोफणीची दोरी सोडतो. मुलांच्या यंत्रात ही चार कामे चौघांनी वाटून घेतली आहेत. पाहण्याचे काम कॅमेऱ्याचे, विचाराचे संगणकाचे, वळण्याचे दोन लहान मोटारींचे आणि सोडण्याचे तिसऱ्या मोटारीचे.

ह्या मोटारींस सर्वो म्हणतात. साधी मोटार वीज मिळेतोवर गरगर फिरत राहते. सर्वोस 'इतके अंश वळ' अशी आज्ञा देता येते आणि तेथे जाऊन ती थांबते. एक सर्वो बंदूक डावी-उजवीकडे फिरविते, दुसरी तिचे तोंड वर-खाली करते. संगणकाची आज्ञा मोटारींपर्यंत पोहोचविण्यासाठी आर्डुइनो नावाची एक पाटी मधे असते. ही पाटी २००५ साली इटलीतील इव्हरेआ ह्या गावी विद्यार्थ्यांसाठी सिद्ध झाली. तिचा आराखडा तिच्या कर्त्यांनी सर्वांस मोकळा ठेवला, म्हणून तिच्या प्रती जगभर होतात व त्या स्वस्तात मिळतात. बाण फेकण्यास उलट दिशांनी फिरणारी दोन चाके असतात. उसाच्या चरकात कांडे ओढले जावे तसा बाण त्यांच्या फटीत ओढला जातो व पलीकडे वेगाने फेकला जातो.

बांधणीत पोरे कोठे अडतात, तेही सांगून ठेवतो, कारण ह्या गोष्टी शहाण्या वडीलधाऱ्यांसही ठाऊक नसतात. निळ्या रंगाची नऊ ग्रॅमची सर्वो स्वस्त मिळते खरी, पण तिचे दाते प्लास्टिकचे असतात आणि बंदुकीच्या वजनाने ते झिजतात वा तुटतात. बंदूक पेलावयाची तर धातूच्या दात्यांची मोठी सर्वो हवी. दुसरे, चाकांच्या मोटारींस निराळी बॅटरी द्यावी. एकाच बॅटरीवर सारा संसार चालविला, तर चाके सुरू होताच दाब खाली येतो व पाटी आपले काम विसरून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करते. मुलांस वाटते प्रोग्रॅम चुकला, आणि ती बिचारी रात्र रात्र तोच तपासत बसतात.

आता यंत्राच्या डोळ्याकडे वळू. संगणकास माणूस दिसत नाही. त्यास केवळ ठिपक्यांचे आकडे दिसतात. सर्वांत सोपी युक्ती अशी, की ह्या क्षणाचे चित्र मागील क्षणाच्या चित्रातून वजा करावयाचे. जेथे बाकी उरली, तेथे काही हलले. दुसरी युक्ती रंगाची. लाल चेंडू शोध म्हटले की तो लाल ठिपक्यांचा पुंजका शोधतो. तिसरी युक्ती चेहरा ओळखण्याची. पॉल व्हायोला व मायकेल जोन्स ह्या दोघांनी २००१ साली जी रीत मांडली, तिच्यामुळे साध्या संगणकासही चालत्या चित्रातील चेहरा तत्क्षणी सापडू लागला. हे सारे करावयाची तयार साधने ओपनसीव्ही नावाच्या संग्रहात फुकट मिळतात. त्या संग्रहाचे काम इंटेल कंपनीत १९९९ साली सुरू झाले होते. तेव्हा आपल्या माडीवरील तीन पोरांनी डोळा घडविला नाही, डोळा तयार आणून बसविला, हे त्यांस नम्रपणे सांगावयास हरकत नाही. पण बसविणे हीसुद्धा विद्याच आहे.

मुलांची खरी परीक्षा पुढेच होते. यंत्र डोळ्याने पाहते, मान वळविते, तरी बाण चुकतो. का चुकतो, ह्याचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करता येतो. असा बाण सेकंदास सुमारे २० मीटर जातो. पाच मीटर अंतर कापावयास त्यास पाव सेकंद लागतो. धावणारे पोर सेकंदास तीन मीटर पळत असेल, तर पाव सेकंदात ते पाऊण मीटर पुढे गेलेले असते. त्यात कॅमेरा सेकंदास तीसच चित्रे घेतो. चित्र घेणे, तपासणे आणि मोटारीस कळविणे ह्यांत सेकंदाचा दहावा भाग सहज निघून जातो, म्हणजे आणखी ३० सेंटिमीटर. एकूण मीटरभर चूक! शिवाय त्या पाव सेकंदात बाण स्वतः सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून अधिक, खाली पडतो. तेव्हा नेम मीटरभर पुढे आणि वीतभराहून वर धरला पाहिजे. माळ्यावरचा गडी हे सारे गणित न मांडता करतो, आणि शाळेत तो चौथीपुढे गेलेला नसतो. दहावीच्या मुलास वेग, काल व गुरुत्वाकर्षण ह्यांची सूत्रे पाठ असतात. त्यांचा हाताशी उपयोग होतो हे त्यास प्रथमच येथे कळते. एवढ्यासाठी जरी हे खेळणे केले तरी आम्ही ते वाया गेले म्हणणार नाही.

हाच हिशेब एका थोर गणितज्ञास महायुद्धात करावा लागला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नॉर्बर्ट वीनर ह्यांनी ज्युलियन बिगेलो ह्या अभियंत्यासह विमानवेधी तोफेचा प्रश्न हाती घेतला. गोळा आकाशात पोहोचावयास कित्येक सेकंद लागतात. तोवर विमान कोठे असेल? मागील हालचालींवरून पुढील जागा ओळखणारे यंत्र त्यांनी योजिले. ते युद्धात प्रत्यक्ष वापरले गेले नाही, पण त्या विचारातून एक नवे शास्त्र निघाले. यंत्राने आपल्या कृतीचा परिणाम पाहावा आणि चूक उमगताच पुढील कृती सुधारावी, असे त्याचे बीज आहे. ह्या शास्त्रास नाव देणारे वीनर यांचे 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले. सुधारणा अति झाली तर काय होते, हेही त्यांनी पाहिले. यंत्र उजवीकडे जास्त जाते, मग डावीकडे जास्त, आणि अंगात आल्यागत थरथरू लागते. आर्तुरो रोझेनब्लूथ ह्या शरीरशास्त्रज्ञाकडे त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की लहान मेंदूस इजा झालेल्या रुग्णाचा हात पेला उचलताना असाच थरथरतो. आपल्या मुलांची बंदूक मान हलवीत राहिली तर ती बिघडली असे समजू नये. तिची आज्ञा थोडी सौम्य करावी.

वीनर ह्यांची कथा आम्हांस आणखी एका कारणासाठी सांगावयाची आहे. युद्ध संपल्यावर विमाने बांधणाऱ्या एका कंपनीतील संशोधकाने त्यांच्या युद्धकालीन लेखाची प्रत मागितली. ती अस्त्रांसाठी हवी होती. वीनर ह्यांनी ती देण्याचे नाकारले आणि आपले नकाराचे पत्र जानेवारी १९४७ मध्ये एका अमेरिकन मासिकात उघडपणे छापले. नेम धरण्याचे गणित ज्याने मांडले, त्यानेच ते कोणाच्या हाती जाईल असे विचारले. पुढे १९५५-५६ साली हे गृहस्थ कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन राहिले होते.

आता मूळ वादाकडे येऊ. माउलीच्या मनातील भीती स्पंजाची नाही. तिला बोचते ते 'आपण होऊन' हे दोन शब्द. आणि आम्ही प्रोग्रॅम पाहिला तेव्हा आढळले, की पाहणे, मोजणे, वळणे ह्यांसाठी पानेच्या पाने लिहिली आहेत. बाण सोडण्याची आज्ञा मात्र एकाच ओळीची आहे. हलणारी वस्तू चित्राच्या मध्यभागी आली की सोड. संपले. ती वस्तू पडदा आहे की धाकटी बहीण आहे, की ताकाचा पेला घेऊन आलेली आजी आहे, ह्याची त्या ओळीस दाद नाही. लाल रंगावर नेम लावला तर दारातील जास्वंदही शत्रू ठरते.

चेहरा ओळखणारा डोळा तरी शहाणा असेल, असे कोणी म्हणेल. जॉय बुओलामविनी ह्या कृष्णवर्णीय संशोधिका विद्यार्थिनी असताना असल्याच एका डोळ्यासमोर बसल्या. त्यास त्यांचा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा चढविला, तेव्हा दिसला. पुढे त्यांनी व तिम्नित गेब्रू ह्यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या विकाऊ यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जेथे चूक शंभरात एकाहूनही कमी, तेथे काळसर वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती एका यंत्रणेत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्या शिवारात उन्हात राबणाऱ्या बायाबापड्यांनी ह्या डोळ्यावर किती भरवसा ठेवावा, हे वाचकांनीच ठरवावे.

माडीवर जे खेळणे आहे, ते सीमेवर खरे झाले आहे. दक्षिण कोरियात माणसाचा माग काढणारी पहाऱ्याची बंदूक २००६ च्या सुमारास तयार झाली. अशा अस्त्रांविषयी जिनेव्हा येथे २०१४ पासून राष्ट्रांची बोलणी चालत आली आहेत आणि पवित्र पीठानेही त्यांत आपले म्हणणे मांडले आहे. २२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ह्या विषयावरील ठराव १५२ मतांनी संमत झाला. विरोधात चार मते पडली व त्यांत एक आपल्या देशाचे होते, कारण ही चर्चा जिनेव्हातच व्हावी अशी आपल्या सरकारची भूमिका. दिवंगत परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी १४ जून २०२४ रोजी इटलीत सात मोठ्या राष्ट्रांच्या नेत्यांसमोर अगदी साधी गोष्ट सांगितली: माणसाचा प्राण घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राने कधीही करू नये.

म्हणून आमचा निवाडा असा. यंत्र मोडू नये. त्यातील ती एक ओळ काढावी आणि तेथे एक कळ बसवावी, दाराच्या घंटीची असते तशी. यंत्राने पाहावे, वळावे, नेम धरावा. कळ मुलाच्या बोटाखाली असावी. बोट उचलताच चाकांची वीजही तुटेल अशी जोडणी करणे मुळीच अवघड नाही. आणि कळ दाबणाऱ्याने लक्ष्याकडे आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून ती दाबू नये. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. आमच्या कित्येक घरांतून निवृत्त जवान आहेत. रिकामी बंदूकही माणसावर रोखू नये, हा नियम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. अशा एखाद्या काकांस मुलांनी माडीवर बोलवावे. आमच्या उपदेशाहून त्यांचे दोन शब्द अधिक कामी येतील.

लक्ष्य म्हणून चेंडू, पत्र्याचा डबा वा दोरीला टांगलेली टोपली घ्यावी. चेहरा ओळखण्याची युक्ती वापरावयाचीच असेल, तर चेहरा दिसताच यंत्राने थांबावे, अशी उलट आज्ञा लिहावी. ही आम्हांस सर्वांत आवडलेली कल्पना, आणि ती त्या तिघांपैकी सर्वांत धाकट्याची आहे! डोळ्यांवर कामगाराचा चश्मा चढविल्यावाचून कोणी समोर जाऊ नये. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ साली असल्याच बाणांनी डोळ्यात रक्त उतरलेल्या तिघांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत एक ११ वर्षांचा मुलगा होता. बंदूक विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचे आहे.

गृहस्थांस आणखी एक सुचवितो. हेच डोके शेतात नेता येईल. बंदुकीच्या जागी पाण्याची नळी व विजेने उघडणारी तोटी बसवावी आणि मक्यावर उतरणाऱ्या पाखरांकडे यंत्राने शिंतोडे उडवावेत. तेथे कळेची गरज नाही, आपण होऊन उडू द्यावेत. चुकून कोणी भिजला तर कापडे वाळतात. साध्या बुजगावण्यास पाखरे लवकरच सरावतात, त्याच्या डोक्यावर बसतात. मान वळवून पाहणाऱ्या बुजगावण्यास ती किती दिवस भितील, हे पाहण्यासारखे आहे. अडचणी दोन. वाऱ्याने सारे शेतच हलते, तेव्हा वजाबाकीची युक्ती तेथे चालणार नाही, पाखराचा आकार ओळखावा लागेल. आणि पाखरे येतात पहाटे, जेव्हा कॅमेऱ्यास उजेड पुरत नाही. मुले सध्या दुसरीच्या मागे आहेत.