खुबा निसटण्याआधी

लंगोट बदलताना बाळाचे पाय फाकत नाहीत. दादी म्हणतात, “मालिश करा, मोकळे होतील.” पण मुलाला सेरेब्रल पाल्सी असेल, तर हे खुबा निसटू लागल्याचे लक्षण असू शकते.

जन्मतः या मुलांचा खुबा बहुधा ठीकच असतो. पुढे मांडीचे स्नायू ताठ राहतात, मूल वेळेवर उभे राहत नाही, आणि मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू खोबणीबाहेर सरकतो. सुमारे तीनपैकी एका मुलाला हा त्रास होतो; न चालणाऱ्यांना सर्वांत जास्त. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. पुढे बसणे, झोपणे, अंग धुणे, सारेच अवघड होते.

एक्स-रेत मात्र ते आधीच दिसते. गोळ्याचा 30 टक्क्यांहून अधिक भाग बाहेर असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. लवकर कळल्यास स्नायू सैल करण्याची लहान शस्त्रक्रिया पुरू शकते. उशिरा हाड कापून बसवावे लागते. मूल त्याने चालेलच असे नाही. दुखणे टळावे, नीट बसता यावे, हा हेतू. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 पासून नियमित तपासणी सुरू झाली आणि खुबा पूर्ण निखळणे फार कमी झाले.

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा अंगणवाडीत येणारे बाल स्वास्थ्य पथक, यांना विचारा. मोठ्या उपचारासाठी परळचे वाडिया रुग्णालय आहे. दुआ करतच राहा; पण मूल दोन वर्षांचे झाले की खुब्याचा एक्स-रे काढाच.