रुग्णशय्या कीं चव्हाटा ?

शरीरास शस्त्र लागलें म्हणजे त्या शरीरावरील मनुष्याचा हक्क संपतो, असा एक अलिखित कायदा आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गांत रूढ झालेला दिसतो. एरवीं ज्या गृहस्थाच्या खोलींत त्याचा मुलगाही दार वाजविल्यावांचून शिरत नाहीं, त्याच्या हर्नियाचे टांके कोठें पडले आहेत हें पांघरूण बाजूस सारून पाहण्याचा अधिकार चुलतसासऱ्यांपासून शेजारच्या निवृत्त अधिकाऱ्यापर्यंत सर्वांस आपोआप प्राप्त होतो. ज्या बाईनें तीस वर्षें आपलें दुखणें नवऱ्यासही पुरतें सांगितलें नाहीं, तिची गर्भपिशवी कां काढावी लागली याची चर्चा चहाच्या कपांबरोबर चालते, आणि ती बिचारी भिंतीकडे तोंड करून सर्व ऐकत असते. या प्रकारास आपण ‘समाचारास जाणें’ असें गोंडस नांव दिलें आहे. सभ्य माणसांनीं सभ्यपणें चालविलेली ही लूट आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें संकट अलीकडे वाढलें, त्यास कारण आहे. पूर्वीं पोटाची शस्त्रक्रिया झालेला रोगी बहुधा टांके निघेपर्यंत रुग्णालयांत राही. 1990 सालीं मुंबईस डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढण्याची पद्धत भारतांत सुरू केली. तेव्हांपासून अशा शस्त्रक्रिया सर्वत्र पसरल्या, आणि पुष्कळ रोगी एक-दोन दिवसांतच घरीं येऊं लागले. यांत रोग्याचें हितच आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु रुग्णालयांत निदान भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, खाटेभोंवतीं पडदा असतो, आणि ‘आतां बाहेर व्हा’ असें कोणासही सुनावणारी नर्स असते. घरीं लघवीची पिशवी आली, जखमेंतून निघालेली नळी आली, बेडपॅन आलें. पडदा मात्र आला नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत पंखा चांगला म्हणून, किंवा संडास जवळ म्हणून, रोग्याचा पलंग दिवाणखान्यांत मांडतात. आणि दिवाणखाना म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट.

या वाटेवर रोग्याचें काय काय लुटलें जातें ? प्रथम देह. दुसरी गोष्ट वेळ : कण्हत कण्हत नुकताच डोळा लागावा आणि ‘झोपला होतास का ? असूं दे, असूं दे’ म्हणत कोणी पायथ्याशीं बसावें, हा अनुभव ज्यास नाहीं असा रोगी विरळा. परंतु तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि ती म्हणजे दुखण्याची हकीकत. आपणांस काय झालें आहे, तें कोणास सांगावें, किती सांगावें व केव्हां सांगावें, हें ठरविणें हा रोग्याचा अधिकार होय. मोबाईल आल्यापासून तो पार नाहींसा झाला. काढलेल्या गांठीचा रिपोर्ट हातीं पडतांच त्याचें छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातें. नागपूरची आत्या व न्यू जर्सीचा भाचा त्यावर मत देऊन मोकळे होतात. आणि ज्याच्या शरीरांतून ती गांठ निघाली त्यास मात्र ‘कांहीं विशेष नाहीं’ असें सांगण्यांत येतें. म्हणजे चाळीस जणांस जें ठाऊक, तें एकट्या धन्यास ठाऊक नाहीं ! ग्लानींत उघड्या तोंडानें निजलेल्या बापाचें छायाचित्र ‘बाबा आतां छान आहेत’ अशा मजकुरासह धाडणाऱ्या मुलास आपण कांहीं गैर केलें असें स्वप्नांतही वाटत नाहीं. बाप दोन महिन्यांनीं हिंडूंफिरूं लागतो. परंतु तें छायाचित्र चाळीस ठिकाणीं तसेंच पडून असतें, आणि त्यानंतर त्याच्याकडे पाहणारा प्रत्येक जण त्या छायाचित्रांतून पाहतो.

यावर पहिला आक्षेप असा कीं, हें सर्व प्रेमापोटीं होतें. आम्ही तें नाकारीत नाहीं. सुश्रुतानें व्रणिताच्या शुश्रूषेस स्वतंत्र अध्याय दिला आहे, आणि गोड गोष्टी सांगून वेदना विसरावयास लावणारे मित्र त्यास जवळ असावेत असें म्हटलें आहे, हेंही आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्याच अध्यायांत प्रथम व्रणितासाठीं नीट, स्वच्छ असें घर सांगितलें आहे; आणि तेथें जो यावयाचा तो सुहृद, जमाव नव्हे. रोग्याची व्यथा विसरावयास लावतो तो सुहृद. ‘आमच्या साडूंना अगदीं हेंच झालें होतें, तीन महिन्यांत गेले’ असें सांगतो त्यास काय म्हणावें, तें वाचकांनींच ठरवावें.

दुसरा आक्षेप अधिक जोरानें येतो : खासगीपणा हें पाश्चात्त्यांचें खूळ आहे, आमच्या एकत्र कुटुंबांत त्याला थारा नव्हता. असें म्हणणाऱ्यांनीं चरकाचें विमानस्थान उघडून पाहावें. शिष्यास वैद्यकाचा उपदेश करतांना रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर नेऊं नयेत, अशी आज्ञा तेथें आहे. रोग्याच्या अंगचे जे चार गुण चरकानें मोजले, त्यांत आपलें दुखणें सांगतां येणें हा एक आहे. पण तें सांगावयाचें वैद्याला, आळीला नव्हे. बाळंतिणीची निराळी खोली तर आमच्या आज्यांनीं पाहिलेली आहे. तिच्यामागची विटाळाची कल्पना त्याज्य होती यांत संशय नाहीं. पण त्या दारामुळें नुकत्याच मोकळ्या झालेल्या बाईस दहा दिवस परक्या नजरेपासून सुटका मिळे, हेंही खरें. विटाळ गेला हें उत्तम झालें. त्याबरोबर दारही काढून टाकण्याचें कारण नव्हतें.

उलट पाश्चात्त्यांसही हें ज्ञान जन्मजात नव्हतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीनें 1859 सालीं शुश्रूषेवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत पोकळ धीर देणाऱ्या व फुकट सल्ले देणाऱ्या भेटकऱ्यांवर एक सबंध प्रकरण खर्ची घातलें आहे. रोगाइतकाच त्रास भेटकरी देतात, हें त्या देशांतही कोणास तरी ठणकावून सांगावें लागलेंच.

तिसरा आक्षेप असा कीं, रोग्यास उठवावयास, धुवावयास, पुसावयास कोणीतरी हवेंच. मग लाज कसली? येथें दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. जी सून सासऱ्याची पिशवी रिकामी करते, ती पाहत नसते, ती काम करीत असते. काम संपतांच पांघरूण सारखें करून ती दार ओढून घेते. तिच्यापुढें रोगी उघडा पडत नाहीं. जो नुसता पाहावयास येतो, त्याच्यापुढें तो उघडा पडतो. शिवाय त्या पाहुण्याचा चहाही त्याच सुनेला करावा लागतो !

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं 24 ऑगस्ट 2017 रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तथापि सरकारास अडविणारा निकाल मामंजींस अडवूं शकत नाहीं. तेथें घरच्या माणसांचाच वचक हवा. आज जंतुसंसर्गाचें निमित्त सांगून पाहुण्यांस परतवितात. ‘डॉक्टरांनीं मना केलें आहे’ म्हटलें कीं कोणी रागावत नाहीं, पण ‘त्यांस आज कोणी नको आहे’ म्हटलें कीं कायमचा अबोला धरला जातो. रोग्याची इच्छा हें पुरेसें कारण मानलें जात नाहीं, हीच खरी तक्रारीची जागा आहे.

म्हणून आमचें मागणें मोठें नाहीं. पलंग दाराआड असावा. खोलीच नसल्यास एक दोरी व एक जुनें लुगडें यांनीं पडदा होतो. येण्यापूर्वीं विचारावें, आणि ‘नको’ हें उत्तर अपमान मानूं नये. रोग काय, हें रोग्यानें आपण होऊन सांगितल्यावांचून विचारूं नये. रिपोर्ट प्रथम त्याच्या हातीं द्यावा. आणि त्याच्या संमतीवांचून त्याचें चित्र वा त्याच्या दुखण्याचा एक शब्दही ग्रुपवर घालूं नये. ज्यांस खरोखर मदत करावयाची असेल त्यांनीं डबा पाठवावा, औषधें आणून द्यावीं, रात्रीं जागणाऱ्या बाईस दोन तास झोपूं द्यावें. आणि हें सर्व रोग्याच्या खोलींत पाऊल न टाकतां करतां येतें.