दार हाताने उघडायला हवे

मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी पुण्याहून भाचा आला. बरोबर त्याची आई, म्हणजे माझी थोरली अक्का. गाडी नवी, विजेवर चालणारी. दाराची मूठ पत्र्यात बसवलेली, हाताला लागेल असे बाहेर काहीच नाही. फाटकाशी गाडी बंद करून भाच्याने सामान घरात नेले. आईला उतरवायला परत आला, तर दार उघडेना.

"मामा, बारा व्होल्टची बॅटरी गेली वाटतं," तो म्हणाला. विजेच्या गाडीतही दिवे, कुलपे यांच्यासाठी एक लहान बॅटरी वेगळी असते. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही दार गप्प.

आत अक्का, वय ७६. काचा बंद. बिचारी आतून बटण दाबतेय. माहितीपुस्तिका होती, पण ती गाडीच्याच पडद्यावर, आणि पडदा काळा! कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावल्यावर कळले, की मागच्या दाराच्या कप्प्यात रबराखाली एक झाकण आहे, आणि झाकणाखाली तार. काचेतून हातवारे करून अक्काला ते सांगितले. तिच्या संधिवाताच्या बोटांना झाकण निघेना. अखेर घरातल्या बॅगेतून रिमोट आणला, त्याच्या पोटातली लोखंडी किल्ली काढली, चालकाचे दार उघडले आणि भाच्याने आतून वाकून ती तार ओढली. वीस मिनिटे गेली. पाण्याचा पेला रिकामा करून अक्का एवढेच म्हणाली, "अरे, गोठ्याच्या दाराला पण कडी असते की रे!"

वाचकहो, हे मला जरा जास्तच लागले. कारण उद्यमबागेतल्या कारखान्यात मी ज्या कामांवर आयुष्य काढले, त्यांत गाडीच्या दाराच्या लॅचचे भागही होते. लॅच म्हणजे काय? दारात एक पोलादी पंजा असतो. दार लावले की तो गाडीच्या खांबावरची कडी पकडतो आणि एक खिट्टी त्या पंजाला अडवून धरते. मूठ ओढली की तार किंवा सळई त्या खिट्टीला बाजूला सारते, पंजा सुटतो, दार उघडते. नव्या दारात मूठ फक्त बटणाचे काम करते. बटण संगणकाला सांगते, संगणक मोटारीला सांगतो, मोटार खिट्टी ओढते. या साखळीत कुठेही वीज तुटली, की खिट्टी जागची हलत नाही.

या छोट्या यंत्राकडून दोन उलटी कामे करून घ्यायची असतात. अपघात होत असताना दार उघडता कामा नये, आणि अपघात झाल्यावर उघडलेच पाहिजे. पूर्वीच्या गाड्यांची दारे धडकेत सताड उघडत आणि माणसे बाहेर फेकली जात. म्हणून अमेरिकेने १९६८ पासून दाराच्या पकडीचे नियम केले. पूर्ण लागलेल्या लॅचने लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन, म्हणजे साधारण अकराशे किलोंचा ओढा सोसावा, अशी ती परीक्षा. बाजूने धडक बसली तर मूठ स्वतःच्या वजनाने बाहेर फेकली जाऊन दार उघडू नये, म्हणून काही मुठींच्या मागे उलटे वजन बसवतात. पहिले काम आम्ही मंडळींनी चांगले केले. दुसरे मात्र विजेच्या हौसेत मागे पडले.

समोरून जोराची धडक बसली की लहान बॅटरी किंवा तिच्या तारा आधी चिरडण्याची शक्यता असते. एअरबॅग फुटल्यावर कुलपे आपोआप सुटण्याची सोय असते, पण तीही विजेचीच. वंटमुरी घाटात एकदा उलटलेली अँबॅसडर मी पाहिली आहे. एका ट्रकवाल्याने पत्र्याला पाय लावला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि दार ओढून आतली माणसे काढली. त्याने कुठली पुस्तिका वाचली नव्हती. मूठ दिसली, त्याने ओढली. आमच्या फाटकाशी धूर नव्हता, आग नव्हती, तरी आम्हाला वीस मिनिटे लागली!

मग करायचे काय? उपाय अवघड नाही. आतली कळ एकच ठेवावी. थोडी हलवली की विजेने उघडावे, जोर लावला की त्याच कळीला बांधलेल्या तारेने खिट्टी ओढावी. लेक्ससच्या एनएक्स गाडीत आतली कळ दाबली की दार विजेने उघडते आणि तीच ओढली की तारेने. घाबरलेला माणूस रोजच्याच जागी हात घालतो, नवी जागा शोधत नाही. तार अशा मार्गाने न्यावी, की दार चेपले तरी ती चिमटणार नाही. दारात विजेचा छोटा राखीव साठा ठेवावा, पण तारेच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. आणि बाहेर चार बोटे शिरतील अशी मूठ हवीच.

सरकारेही जागी होत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने टेस्लाच्या २०२१ सालच्या सुमारे १,७४,००० मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. बाहेरून दार उघडत नाही, मूल आत अडकले, अशा पालकांच्या तक्रारी होत्या. काहींना काच फोडावी लागली. चीनने तर २०२६ च्या आरंभी नियमच केला. १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलच्या प्रत्येक बाजूच्या दाराला आतून आणि बाहेरून, विजेविना हाताने उघडण्याची सोय असलीच पाहिजे. बाहेरच्या मुठीशी हात घालायला किमान ६ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर खोल जागाही ठरवून दिली आहे.

आपल्याकडेही लपलेल्या मुठींच्या गाड्या आता रस्त्यावर दिसतात. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर या रविवारी एक काम करा. चारही दारांची हाताने उघडायची तार किंवा कळ शोधा. घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना ती स्वतःच्या हाताने ओढायला लावा. मागच्या दाराचे मुलांसाठीचे कुलूप लावलेले असताना आतून दार उघडते का, तेही पाहा. काच फोडायची हातोडी हाताशी ठेवा. गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलात तर मायलेजच्या आधी विचारा, "वीज गेली तर मागचे दार कसे उघडायचे?" विकणाऱ्याला ते लगेच दाखवता आले नाही, तर घाई करू नका.

भाच्याने त्या झाकणावर आता लाल फीत चिकटवली आहे आणि तारेला मोठी कडी बांधली आहे. मागच्या खेपेला अक्काने ती स्वतः ओढून दार उघडले. मगच गाडी पुण्याला निघाली.